उथळ पाण्यातील अभय

अहिल्यानगर, म्हणजे परवापरवापर्यंत ज्यास आपण अहमदनगर म्हणत होतो, त्या जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, नगरहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर मिरजगाव हे गाव आहे. सह्याद्रीने पश्चिमेचे ढग रिते करून घेतल्यावर जे काही उरते त्यावर या मुलखाची शेती चालते. पाणी म्हणजे विहिरीचे पाणी, आणि त्याची खोली परसांनी मोजावयाची, ही तेथील रीत. अशा गावी ज्याचे बालपण गेले त्याने समुद्राच्या तळाविषयी लिहावयास बसावे, ही गोष्ट कोकणातील वाचकांस धिटाईची वाटेल. त्यांची क्षमा मागून एवढेच सांगतो की, पाण्यात उतरण्याचे पहिले भय ज्याने पाठीस सुका भोपळा बांधून खोल विहिरीत अनुभविले आहे, तो या विषयास अगदीच परका नव्हे. भोपळा मनुष्यास वर ठेवितो. गतवर्षी मालवणास माझ्या पाठीवर जे हवेचे नळकांडे बांधण्यात आले, ते मनुष्यास खाली राहू देते. फरक काय तो एवढाच.

मालवणच्या धक्क्यावरून एका लहानशा होडीने आम्हांस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूस, पाण्याखालील खडकांपाशी नेले. खोली तीन वाव, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. पोहता येत नसले तरी चालते, असे होडीवाल्याने आधीच सांगितले होते. कारण पाठीमागून नळकांड्यास धरून एक वाकबगार तरुण सर्व वेळ आपल्याबरोबर असतो. तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काच, कानांत दडे बसलेले, अशा थाटात मी तळाशी पोहोचलो. तोच त्या तरुणाने एक बाटली उघडून पावाचा चुरा पाण्यात सोडला. क्षणार्धात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा मजभोवती गोळा झाला. कित्येक माझ्या डोळ्यांवरील काचेस टोची मारू लागले. दुसऱ्या एकाने हे सर्व चलच्चित्रात टिपून घेतले. वर आलो तेव्हा मी कृतकृत्य झालो होतो, हे नाकारीत नाही. रात्री मात्र ते चित्र पुन्हा पाहताना मनात आले की, हे मासे मजकडे आलेच नव्हते. ते पावाकडे आले होते. पाव नसता तर ते मला पाहून पळाले असते, जवळ आले असते, की त्यांनी माझी दखलच घेतली नसती?

हा प्रश्न तेथेच राहिला असता. परंतु थोड्याच दिवसांनी आमच्या गावच्या, सध्या इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या, एका तरुणाने मला दुसरे एक चलच्चित्र पाठविले. स्थळ नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यासमोरील फार्न बेटे. पाणी असेच उथळ, पण हिरवट व थंडगार. तळाशी लांब पानांचे समुद्रशेवाळ डोलते आहे, आणि त्यातून सील जातीचा एक तरुण प्राणी डोके वर काढून आमच्या गावकऱ्याकडे टक लावून पाहतो आहे. थोड्या वेळाने तो पाठीमागून येतो, पायातील रबरी वल्हे दातांत हलकेच धरून ओढतो, आणि मान वळवून कोणी पाहिले असता निघून जातो. येथे पाव नाही, मासळीचा तुकडा नाही. सीलास काही चारू नये, त्याच्यामागे जाऊ नये, त्यास यावयाचे असेल तर त्यानेच यावे, असा तेथील पाणबुड्यांचा दंडक आहे. तरी तो आला. तो का आला, याचे उत्तर प्राणिशास्त्र काही अंशी देते. उरलेले इतिहासात शोधावे लागते, आणि तेच येथे करावयाचे योजिले आहे.

सील हा मासा नव्हे. कुत्रा व अस्वल यांच्या गोतावळ्यातील हा मांसाहारी सस्तन प्राणी. पायांची वल्ही झाली, अंगावर चरबीचा जाड थर आला, तरी वीण मात्र भूमीवरच करावी लागते. उत्तर हिंदी महासागरात त्याची वस्ती नाही, म्हणून आपल्या भाषेत त्यास घरचे असे नावही नाही. फार्न बेटांवरचे ते करडे सील. शरदाच्या अखेरीस माद्या खडकांवर चढतात, पांढऱ्या लोकरीचे पिल्लू होते, सुमारे अठरा दिवस त्यास दूध मिळते, आणि मग आई त्यास सोडून समुद्रात जाते. पाण्यात बुडी मारण्यापूर्वी हा प्राणी श्वास आत घेऊन ठेवीत नाही, उलट बाहेर टाकितो. प्राणवायूचा साठा त्याच्या रक्तात व मांसपेशींत असतो. आमच्या पाठीवरील नळकांडे पाहून त्यास काय वाटत असेल ते असो.

ज्या प्राण्यास पाण्यातून सुटका आहे परंतु विणीसाठी भूमीवर येणे चुकत नाही, त्याचा घात भूमीवरच होणार हे उघड आहे. १४९४ साली, आपल्या दुसऱ्या सफरीत, कोलंबसाच्या खलाशांनी हिस्पानिओलाजवळील एका लहान बेटावर वाळूत निजलेले आठ ‘समुद्रलांडगे’ मारले. ते कॅरिबियन समुद्रातील मठवासी सील होत. मनुष्य म्हणजे काय हे त्यांस ठाऊक नव्हते, म्हणून ते निजलेलेच राहिले. पुढील शतकांत तेलासाठी त्यांची कत्तल झाली. त्यांपैकी शेवटचा निःसंशय दिसला तो १९५२ साली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या शासनाने ही जात नष्ट झाल्याचे जाहीर केले. याहून दारुण कथा उत्तर प्रशांत महासागरातील समुद्रगाईची. बेरिंगच्या मोहिमेतील जॉर्ज स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने १७४१ साली ती पाहिली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शेवाळ खात असताना तिला हात लावला तरी ती दूर जात नसे. इतका विश्वास पुरेसा होता. सत्तावीस वर्षांत, १७६८ पर्यंत, ती जगातून नाहीशी झाली. तिची दूरची बहीण, जिला आपण समुद्रगाय किंवा ड्युगाँग म्हणतो, ती आपल्याकडे कच्छच्या आखातात, अंदमानात व तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात अद्याप तग धरून आहे. तिच्यासाठी २०२२ साली तमिळनाडूने ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र ठरविले.

भूमध्य समुद्रातील मठवासी सीलाची गोष्ट यांहून वेगळी आहे व मला ती अधिक विचार करावयास लावते. प्राचीन काळी हा प्राणी उघड्या वाळवंटावर कळपाने पडलेला असे. माणसाने इतकी शतके त्यास छळले की, उरल्यासुरल्यांनी वाळू सोडून समुद्राकाठच्या गुहा धरल्या. पुष्कळ ठिकाणी माद्या आता अशा गुहांतच वितात, जेथे लाटा आत शिरून पिल्लांस ओढून नेतात. त्याची अंगकाठी पूर्वीचीच राहिली, बदलली ती राहणी, आणि ती बदलली आमच्या भयाने. इतिहास केवळ ताम्रपटांत व बखरींत असतो असे मानणारांनी या गुहांकडे पाहावे.

फार्न बेटांचा इतिहास असा एका रंगाचा नाही. सातव्या शतकात तेथे संत कथबर्ट एकांतवास करून राहत असे; इ. स. ६८७ मध्ये तो तेथेच वारला. तेथील बदकांस त्याने अभय दिले होते अशी आख्यायिका आहे. सीलांस मात्र हे अभय लाभलेले दिसत नाही. मध्ययुगात याच बेटांवरील मठास सीलांपासून उत्पन्न मिळत असे. साधूंच्या दिव्यातही तेल लागतेच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये करडे सील पाचशेच उरले असावेत असा समज पसरला. हा आकडा पुढे फारच कमी ठरला. परंतु कधी कधी चुकीचा आकडाही योग्य काम करून जातो. १९१४ साली पार्लमेंटने करड्या सीलांच्या रक्षणाचा कायदा केला व १ ऑक्टोबरपासून १५ डिसेंबरपर्यंत, म्हणजे विणीच्या दिवसांत, त्यांस मारण्याची बंदी केली. ब्रिटनमध्ये वन्य सस्तन प्राण्याच्या रक्षणासाठी झालेला असा हा पहिलाच आधुनिक कायदा गणला जातो. १९२५ मध्ये बेटे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. सीलांची संख्या वाढत गेली, इतकी की कोळी लोक तक्रार करू लागले आणि बेटांवरील मातीचा थरही त्यांच्या वजनाने उखडू लागला. तेव्हा १९६० नंतरच्या दोन दशकांत, सरकारी परवान्याने, तेथेच पुन्हा शेकडो सील मारण्यात आले. रक्षकानेच बंदूक उचलावी हे दृश्य लोकांस सहन झाले नाही व पुढे ही पद्धत बंद पडली. आज जगातील करड्या सीलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक ब्रिटनच्या किनाऱ्यांवर आहेत.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जो सील पाण्यात पाणबुड्याचे वल्हे ओढतो, तोच खडकावर पडलेला असता माणूस जवळ येताच घाईने पाण्यात घसरतो. माझा तर्क असा की, त्याच्या जातीचा मनुष्याशी जो हिशेब आहे तो भूमीवरचा आहे. सोटा व बंदूक घेऊन मनुष्य आला तो खडकावर आला. लाटांखाली, आपल्यासारखाच हळूहळू तरंगणारा, तोंडातून बुडबुडे सोडणारा हा जो दुसरा प्राणी आहे, त्याचे खाते त्याच्याकडे अद्याप कोरे आहे. आणि ते कोरे असण्याचे कारण असे की, हा प्राणी पाण्याखाली उतरू लागून फार दिवस झालेलेच नाहीत.

पाण्यात बुडी मारणे हे पुरातन आहे; पण ते सर्व काही आणण्यासाठी. मन्नारच्या आखातात मोती काढणारे लोक पायास दगड बांधून तळाशी जात, मिनिटभर शिंपा गोळा करीत व दोरीने वर ओढले जात. शार्कांपासून रक्षण व्हावे म्हणून मंत्र घालणारा एक इसम किनाऱ्यावर बसलेला असे आणि त्यास शिंपल्यांचा वाटाही मिळत असे. १८३७ च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने पितळी शिरस्त्राणाचा बंदिस्त पोशाख सिद्ध केला. त्याने बुडालेल्या जहाजांतील तोफा निघाल्या, बंदरांचे पाये घातले गेले. त्या पोशाखातील मनुष्य नळीने वरच्या पंपास जखडलेला असे. तो खाण कामगार होता, प्रवासी नव्हे. खोलवर दाबाखाली हवा घेणाऱ्या मनुष्याच्या रक्तात नत्रवायू मुरतो, आणि तो घाईने वर आला असता बुडबुडे होऊन त्यास लुळा करितो, हे फ्रान्समध्ये पॉल बेर याने १८७८ साली दाखविले. किती वेळ कोठे थांबत वर यावे याची कोष्टके इंग्लंडात हॉल्डेन याने बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये प्रसिद्ध केली.

मनुष्यास नळीपासून मुक्त करणारे यंत्र झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये. पेट्रोल मिळेनासे झाल्यामुळे मोटारी जळाऊ वायूवर चालविण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनविली होती. झाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून तीच झडप सुधारून १९४३ साली पाण्याखालील श्वासोच्छ्वासास लावण्यात आली. श्वास ओढला की पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा मिळते, सोडला की ती बाहेर जाते. मूळ कल्पना एवढीच. आज मालवणास माझ्या तोंडात जी नळी होती ती या मोटारीच्या झडपेची नात म्हणावयास हरकत नाही.

मनुष्य प्रथमच तळाशी रिकाम्या हातांनी, केवळ पाहण्यासाठी, उतरू शकत होता. त्याचे हात रिकामे राहिले मात्र नाहीत. कूस्तोच्या ज्या बोलपटास १९५६ साली कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, त्यात त्याच्या जहाजाच्या पंख्याने एक कोवळा देवमासा जायबंदी होतो, रक्ताच्या वासाने शार्क येतात, आणि खलाशी त्या शार्कांस आकड्यांनी डेकवर ओढून कुऱ्हाडीने तोडतात. हे सर्व लपविलेले नाही. अभिमानाने दाखविले आहे. पुढे समुद्ररक्षणाचा जगातील सर्वांत मोठा प्रचारक झालेल्या गृहस्थाची ही सुरुवात होती. त्यास दोष देण्याच्या हेतूने मी हे लिहीत नाही. पाहणे व घेणे या दोन क्रिया वेगळ्या करावयास मनुष्यास किती उशीर लागतो, एवढेच यावरून दिसते.

आता मालवणाकडे वळतो. सीलांच्या ठिकाणी येथे खडक आहेत, आणि त्यांचा इतिहास कमी मनोरंजक नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा का निवडली याचे उत्तर पाण्याखाली आहे. बेटाभोवती जागोजाग बुडालेले व अर्धे बुडालेले खडक पसरलेले असल्यामुळे खोल तळाच्या परक्या जहाजांस तेथे सहज शिरता येत नाही. येथील लहान होड्यांस मात्र कोणत्या भरतीस कोणत्या खडकामधून वाट आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तट हा किल्ल्याचा दुसरा कोट होय. पहिला कोट हे खडक. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, परंतु पुढल्याच वर्षी तो कोल्हापूरकरांस परत करावा लागला, आणि नाव लाटांत वाहून गेले. १८१२ च्या तहाने मालवण अखेर इंग्रजांकडे गेले. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोंकडे खारे पाणी आणि मध्ये गोड, हे पाहून दुष्काळी मुलखातील मनुष्याचे पाऊल तेथे किती वेळ अडते हे सांगावयास नको. मीही साखरबावेच्या काठी वाकून, सवयीने, किती परस असावे याचा अंदाज घेतला.

तोफांचे दिवस संपले. खडक मात्र राहिले, आणि लष्करी उपयोग नाहीसा झाल्यावर त्यांची खरी वस्ती लोकांच्या दृष्टीस पडू लागली: प्रवाळ, शेवाळाची राने, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, खेकडे, समुद्रफुले. १३ एप्रिल १९८७ रोजी येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील पद्मगडाभोवतीचे सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य. मालवणच्या मच्छीमारांनी त्यास कसून विरोध केला. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढावयाची रापण, ओढणाऱ्या सर्वांत होणारी तिची वाटणी, हा ज्या गाबित समाजाचा पिढीजात व्यवहार, त्यास एके सकाळी सांगण्यात आले की, आपल्या दारातील पाणी आता राखीव आहे. अभय माशांस मिळाले, भय माणसांस.

येथे कर्जत तालुक्यातील वाचक मनात हसला असेल. कारण हीच गोष्ट मालवणाच्या आठ वर्षे आधी, १९७९ साली, आमच्याकडे घडली होती. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व नगर या दोन जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचा प्रदेश अभयारण्य ठरविण्यात आला. त्यात कर्जत तालुक्यातील जमीनही आली. नांगरलेली शेते, वस्त्या, रस्ते, बाजार, सर्व काही कागदावर पक्ष्याचे झाले. जमिनीच्या व्यवहारांस अडचणी आल्या, आणि ज्या पक्ष्यास कोणी कधी धोंडा मारला नव्हता त्याच्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आटविण्यात आले. तोवर माळरानांचे ऊस झाले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. आज त्या मुलखात एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. म्हणून मालवणचे मच्छीमार हटवादी होते असे जो कोणी म्हणेल, त्यास मी आमच्या माळावर घेऊन जाईन.

मालवणास पुढे जे घडले ते मात्र आमच्याकडे घडले नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. सारंग कुलकर्णी या सागरी जीवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने स्थानिक तरुणांस नळकांडे बांधून बुडी मारण्याचे शिक्षण मिळू लागले. तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन महामंडळाची शिक्षणसंस्थाही निघाली. ज्यांचे आजे किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटा जाणत होते, ते नातू आता त्याच खडकांमधून परगावच्या लोकांस खाली नेऊ लागले. ज्ञान तेच, पूर्वी त्याने शत्रू दूर ठेविला, आता ते पाहुणा जवळ आणते. कायद्याने जे साधले नाही ते काही अंशी यामुळे साधले, असे मला वाटते: जिवंत मासा मेलेल्या माशाहून अधिक वेळा विकता येतो, हे गावास दिसले. आमच्या माळढोकास पाहावयास कोणी चार पैसे देऊन आला असता आणि ते पैसे शेतकऱ्याच्या हाती पडले असते, तर काय झाले असते कोण जाणे.

तथापि पावाच्या चुऱ्याची गोष्ट येथेच निघते. पाहुणे वाढले, प्रत्येकास अर्ध्या घटकेत चित्र हवे, आणि मासे काही वेळापत्रक पाळीत नाहीत, म्हणून बाटली. मी ज्या ठिकाणी उतरलो तेथे एका वेळी पाच-सहा नवखी मंडळी होती. त्यांतील दोघे तोल सांभाळता न आल्याने सरळ खडकावर उभे राहिले. आणि तो खडक नव्हता, प्रवाळ होते, हे मला वर आल्यावर कळले. त्यांचा दोष म्हणावा तर मीही एका हाताने काहीतरी घट्ट धरून ठेविले होते. ते काय होते हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

स्टेलरची समुद्रगाय निर्भय होती, कारण तिला आम्ही ठाऊक नव्हतो. फार्नचा सील निर्भय आहे, कारण त्याच्या कित्येक पिढ्यांस पाण्यात आमच्यापासून अपाय झाला नाही. ही निर्भयता शतकभराच्या संयमाने, मध्यंतरीच्या पापासह, मिळविलेली आहे, आणि म्हणून ती मला सर्वांत मोलाची वाटते. मालवणचे मासे जवळ येतात ते तिसऱ्याच कारणाने. भूक भागविणाऱ्या हाताकडे येणे याला विश्वास म्हणत नाहीत. आमच्या गावी बाजाराच्या दिवशी भज्यांच्या गाडीभोवती कुत्री जमतात, त्यास कोणी मैत्री म्हणत नाही. शिवाय पाव हे काही माशांचे अन्न नव्हे. खडकावरील शेवाळ कुरतडून प्रवाळास मोकळे ठेवणारे मासे चुऱ्याच्या आशेने होडीखाली घुटमळू लागले, तर खडकाचे काम कोणी करावयाचे?

हे मी त्या तरुणास, माझ्या पाठीमागे नळकांडे धरून असलेल्यास, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले. तो रापणकऱ्याच्या घरचा, विशीतला. त्याने वाद घातला नाही. पाव न टाकता नेतो, असे म्हणाला; पण काका, मासे आले नाहीत तर पैसे परत मागू नका. मी मान्य केले. आम्ही गर्दीच्या आधी गेलो. तळाशी त्याने मला एका जागी गुडघ्यांवर वाळूत बसविले आणि हात छातीशी घेण्याची खूण केली. पहिली काही मिनिटे काहीच नव्हते. हिरवट धूसर पाणी, शेवाळाचे हेलकावे, आणि माझ्याच श्वासाची घरघर. मग खडकाच्या कपारीतून एक मळकट रंगाचा, हाताएवढा, जाड ओठांचा मासा अर्धा बाहेर आला व तेथेच थांबला. तो जवळ आला नाही. पळालाही नाही. तो मला पाहत होता, आणि मी त्यास. किती वेळ ते सांगता येणार नाही. तरुणाने खांद्यास स्पर्श करून वर निघण्याची खूण केली तेव्हाही तो तसाच होता. त्या दिवसाचे माझ्यापाशी चित्र नाही.

मे अखेरीस मालवणास होड्या वर ओढून झापांनी झाकतात. पहिल्या उधाणाबरोबर पाणी गढूळ होते, हात पसरला तर बोटे दिसत नाहीत, आणि नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत त्या खडकांवर कोणी उतरत नाही. त्याच दिवसांत मिरजगावी लोक पश्चिमेकडे पाहत असतात, आणि विहिरीत उतरावयाचे झाले तर ते गाळ काढण्यासाठी.